राखीव दम

२०२३ ची सर्वपित्री अमावस्या. दुपारी पितरांचं पान वाडीत ठेवलं, कावळा पहिल्या हाकेला शिवला म्हणून आई खूश होती. संध्याकाळी अहमदाबादला भारताने पाकिस्तानला हरवलं म्हणून सगळा गाव खूश होता. आणि रात्री साडेबाराला मी नि दादा आमच्या पडवीत लॅपटॉप उघडून आयर्लंड-न्यूझीलंड रग्बी बघत बसलो होतो. आईने आतून दोनदा विचारलं, "आता आणि कसली मॅच? जिंकले ना संध्याकाळी?" सकाळी लवकर उठून घट बसवायचे होते. तिला रग्बी समजावून सांगायची ती वेळ नव्हती. तशी कुठलीच नसते.

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे, तो गावाचा दादा. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला नारळी-पोफळीच्या वाड्यांत आमचा गाव आहे. क्रिकेट इथे सगळे बघतात, पण खेळ म्हणाल तर कबड्डी. रायगडात एखाद्या गावाला एसटी नसेल, पण कबड्डीचा संघ असतोच. वीस वर्षं आमच्या संघाची पहिली चढाई दादाची. मैदानाबाहेर तो मुंबईच्या पाहुण्यांना दोन खोल्या भाड्याने देतो, त्यांना सोलकढी आवडली का विचारतो, आणि एसीचा रिमोट हरवला की वैतागतो.

रग्बीचं खूळ माझ्या भाच्याचं. तो २०१९ पासून आयर्लंडमध्ये कॉर्कला औषधांच्या कंपनीत आहे. पहिले सहा महिने फोनवर फक्त पावसाबद्दल बोलायचा. कोकणातल्या माणसाने पावसाची तक्रार करावी म्हणजे बघा. मग एकदम रग्बीबद्दल बोलायला लागला. त्याच्यामुळे मी बघायला लागलो आणि माझ्यामुळे दादा. दादाला नियम फार समजून घ्यावे लागले नाहीत. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, आणि तरी पुढे सरकायचं, एवढं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे पतसंस्थेचा कारभार." मी पतसंस्थेत आहे.

त्याचा डोळा सुरुवातीपासून १० नंबरवर. रग्बीत पंधरा जण, आणि पाठीवरचा आकडा म्हणजे त्या माणसाचं काम. झटापटीतून निघालेला चेंडू ९ नंबरवाला बहुतेक वेळा १० कडे देतो, आणि समोरून शंभर-शंभर किलोचे गडी धावत येत असताना, पास द्यायचा, लाथ मारायची की स्वतः घुसायचं, हे त्याने ठरवायचं. बऱ्याचदा गोलवर किकसुद्धा तोच मारतो. पेनल्टीचे ३ गुण, आणि मारायला ६० सेकंद. "आपल्याला ३०," दादा म्हणाला, "पण आपल्याला बोलावं पण लागतं."

त्या रात्री आयर्लंडचा १० नंबर होता जॉनी सेक्स्टन. वय ३८. संघाचा कर्णधार. देशासाठी ११८ वा सामना, आणि वर्ल्ड कपनंतर थांबणार हे त्याने आधीच सांगून ठेवलेलं. म्हणजे हरले की संपलं. आयर्लंड सलग १७ सामने जिंकून आलं होतं. न्यूझीलंड २८, आयर्लंड २४, आणि वेळ संपत आलेली. चेंडू आयर्लंडकडे. माणूस घुसतो, आडवा पडतो, चेंडू मागे निघतो, दुसरा घुसतो. याला ते फेज म्हणतात. अशा ३७ फेज झाल्या. पाच मिनिटांच्या वर तेच चाललेलं. घड्याळातले आकडे ८० च्या पुढे गेले तरी खेळ चालू, कारण चेंडू सुटेपर्यंत रग्बी थांबत नाही. शेवटी न्यूझीलंडच्या सॅम व्हाइटलॉकने चेंडूवर हात टाकला, पंचाची शिट्टी वाजली आणि झालं. सेक्स्टन मैदानावर उभा होता तसाच उभा राहिला. नंतर त्याचा मुलगा त्याच्याजवळ आला आणि बाबा, अजूनही तूच सगळ्यात भारी, असं काहीतरी म्हणाला, हे दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरलं. आम्ही पाहिलं ते एवढंच, की एक मूल आपल्या दमलेल्या बापाकडे मान वर करून बघतंय.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हा उद्या सकाळी उठून काय करणार रे?"

मी म्हटलं, "आराम करेल."

"तसं नाही. सकाळी पाय दुखत असतील. खेळायचं असलं की त्या दुखण्याला काहीतरी अर्थ असतो."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुढच्या चैत्रात, जत्रेच्या स्पर्धेतल्या शेवटच्या सामन्यानंतर दादाने मैदानातली माती उचलून कपाळाला लावली आणि माईक हातात घेऊन दोन वाक्यांत निवृत्ती सांगितली. दुसरं वाक्य होतं, "जेवण सगळ्यांनी करून जा."

*

दुसऱ्या दिवसापासून गावात दोन पक्ष.

आमचा संघ पकडीचा. सातांत चढाईवाले दोनच, त्यातला एक अष्टपैलू, त्याची जागा पक्की. म्हणजे दादाची एक जागा रिकामी, आणि तिच्यासाठी दोन पोरं. नावं लिहीत नाही, दोघांची लग्नं व्हायचीत. एक आमच्या आळीतला, एक खाडीवरचा.

आळीतला उंच, लांब पायांचा. तो दादाला बघत मोठा झाला आणि त्याच्या अंगात दादा शिरलाय. दादाची चढाई ज्याने पाहिली असेल त्याला माहीत आहे. मध्यरेषा ओलांडली की तो कंबरेत वाकायचा, डावा हात सैल लोंबता सोडायचा आणि मातीकडे बघत असा हळूहळू चालायचा, की जणू कुणाची आठ आण्यांची नाणी पडलीत आणि हा ती शोधायला आलाय. समोरचे सात जण त्या हाताकडे बघत राहायचे आणि बोनस रेषेपलीकडे त्याचा पाय कधी पडून आला ते पंचालासुद्धा मागून आठवायचं. हे सगळं पोराने उचललंय. लोंबता हात, नाणी शोधणं, परत येताना डाव्या टाचेने मातीवर एक रेघ ओढणं, सगळं. फक्त नाणी सापडत नाहीत.

खाडीवरचा बुटका. बापाच्या होडीवर जाळी ओढून खांदे असे झालेत की शर्टाची बटणं वरची दोन लागत नाहीत. त्याची चढाई दहा-बारा सेकंदांची. आत घुसतो, धडकतो, हात लागला तर लागला, नाहीतर कोपऱ्यावाल्याच्या हातात घोटा देऊन बसतो. बघायला दादासारखं त्यात काहीच नाही. आळीतले म्हणाले, "ही काय चढाई? हे म्हणजे एसटीत सीट पकडणं झालं." खाडीवरचे म्हणाले, "पण सीट मिळते ना?"

आता गंमत बघा, तिकडे आयर्लंडमध्ये अगदी हेच. सेक्स्टनची जागा आधी जॅक क्रॉलीकडे आली. तो कॉर्कजवळच्या इनिशॅननचा, आणि कॉर्क ज्या प्रांतात येतं त्या मन्स्टरकडून खेळणारा. म्हणजे माझ्या भाच्याच्या दृष्टीने प्रश्नच मिटला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्सेलला फ्रान्सविरुद्ध तो १० नंबर घालून उतरला, आयर्लंड ३८-१७ जिंकलं, आणि ती सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा देशांची स्पर्धाही त्यांनीच जिंकली. पाचही सामने क्रॉली सुरुवातीपासून खेळला. एवढ्यावर कुणाचंही समाधान व्हायला हवं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात लेन्स्टरचा, म्हणजे डब्लिनकडच्या प्रांताचा, सॅम प्रेंडरगास्ट आला. वय एकवीस, उंच, सडपातळ, आणि पास असा लांब नि अलगद, की चेंडू हवेत असताना बघणाऱ्याला सुस्कारा टाकायला वेळ मिळतो. सेक्स्टनही लेन्स्टरचाच. झालं. २०२५ च्या सिक्स नेशन्समध्ये १० नंबर प्रेंडरगास्टला. मग फ्रान्सने डब्लिनमध्ये येऊन ४२-२७ असं धुतलं, आणि पुढच्या आठवड्यात रोमला पुन्हा क्रॉली. एक जण सुरुवात करतो, दुसरा पाठीवर बहुधा २२ आकडा घेऊन बाकावर बसतो, आणि दोघांच्या प्रत्येक किकवर देश दोन तट करून भांडतो. भाचा रात्री अकराला फोन करून मला विचारतो, "मामा, तूच सांग, टॅकल कोण करतो?" मी मामा असलो तरी कॉर्कचा नाही, हे त्याला पटत नाही.

आकड्याचं मात्र मला तिकडचं आवडलं. १० नंबर कुणाच्या मालकीचा नाही. सेक्स्टन गेला, पुढच्या सामन्यात तो दुसऱ्या कुणाच्या पाठीवर येणारच, नाहीतर खेळ कसा होणार? इथे दादाची ७ नंबरची जर्सी काचेच्या फ्रेममध्ये घालून देवळाच्या सभामंडपात लावावी, असा ठराव मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. त्याला एकसष्ट अंगठे. दादाने उत्तर दिलं, "ती जर्सी मंडळाच्या पैशाची आहे. धुऊन देतो." आपल्याला आकडे देवघरात ठेवायची फार हौस. २०१७ मध्ये पालघरचा, म्हणजे आपल्याच उत्तर कोकणातला, शार्दुल ठाकूर श्रीलंकेत सचिनचा १० आकडा घालून उतरला तेव्हा लोकांनी त्याचं काय केलं होतं आठवा. बिचाऱ्याने पुढे ५४ घेतला. पालघरहून मुंबईच्या गाडीने प्रवास केलेल्या पोराला आकड्यावरून शिव्या घालणारे आपण.

*

हे सगळं लिहायला मी का बसलो, ते सांगतो. मला दोन्ही पोरांपेक्षा बाक जास्त दिसतो.

दादाच्या आधी आमच्याकडे अण्णा होते. त्यांचा गुडघा गेला तेव्हा त्यांच्या जागेसाठी दोघं होतो, एक दादा, एक मी. माझ्याहून तो दोन वर्षांनी मोठा. आज गावात कुणाला विचाराल तर सांगतील, अण्णांनंतर दादा. मध्ये एक पावसाळा होता, ज्यात सगळे म्हणत होते की कोण ते सांगता येत नाही, हे फक्त मला आठवतं. कदाचित दादालाही. आम्ही कधी बोललो नाही.

त्यानंतर आठ वर्षं मी राखीव. कबड्डीत राखीव माणूस टॉवेल सांभाळतो, पाण्याची बाटली देतो, आणि आमच्या संघात फक्कीची पिशवीही त्याच्याकडेच. आखणी पुसट झाली की मध्यंतरात मी वाकून मध्यरेषा पुन्हा मारायचो. हाताला तो पांढरा चुना रात्री जेवतानासुद्धा लागलेला असायचा. आणि एक सवय लागली. दादा चढाईला गेला की बाकावर बसल्या बसल्या मी ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर दम घ्यायचो. कबड्डी-कबड्डी-कबड्डी, तो परत येईपर्यंत. तीस सेकंदांच्या चढाईला तो काही मोठा दम नाही. पण बसून घेतलेला दम धावून घेतलेल्या दमापेक्षा लवकर तुटतो, हे खोटं वाटेल, बसून बघा.

एकदा मला संधी आली. पेणकडच्या एका गावात रात्रीचे सामने, उपांत्य फेरी, आणि दादाचा घोटा मुरगळला. मी आत गेलो. सहा चढाया केल्या. दोनदा पकडला गेलो, एकदा रिकामा आलो, तीन गुण आणले. त्यातला एक शेवटच्या मिनिटातला, आमच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची तिसरी चढाई, गुण नाही आणला तर मी बाद. उजव्या कोपऱ्याच्या माणसाच्या बोटाला माझ्या पायाचा अंगठा लागला, एवढंच. आम्ही एका गुणाने जिंकलो. अंतिम सामन्याला दादा घोट्याला पट्टी बांधून उतरला आणि हरलो. त्या स्पर्धेची गोष्ट गावात अजून निघते, आणि लोकांना आठवतं ते दादाचं लंगडत खेळणं.

तक्रार नाही. म्हणजे आहे, पण आता तिला मीठ लागत नाही.

म्हणूनच भाच्याने मला आयन मॅडिगनचा व्हिडिओ पाठवला तेव्हा मी तो दुकानात, लाइनीत उभा असताना तीनदा बघितला. २०१५ चा वर्ल्ड कप, कार्डिफ, आयर्लंड विरुद्ध फ्रान्स. सेक्स्टन दुखावून बाहेर गेला आणि मॅडिगन आत आला. आयर्लंड २४-९ जिंकलं. सामना संपल्यावर मॅडिगन मैदानात ढसाढसा रडला. सेक्स्टननंतर कोण, या प्रश्नाचं एक उत्तर त्या काळात मॅडिगन होता. पुढच्या वर्षी तो फ्रान्सला बोर्डोच्या क्लबकडे खेळायला गेला. मग उत्तर झाला जोई कार्बेरी. सेक्स्टन असेपर्यंत लेन्स्टरमध्ये १० नंबर मिळणार नाही म्हणून २०१८ मध्ये तो मन्स्टरला आला, मग दुखापतींमागून दुखापती, आणि २०२४ मध्ये तोही बोर्डोला. एकाच माणसाचे दोन वारस एकाच गावी पोचावेत, याला काय म्हणायचं? आमच्याकडे अशांना अलिबागच्या बँकेत किंवा पतसंस्थेत नोकरी लागते.

आणि किआरन फ्रॉली. क्रॉली की प्रेंडरगास्ट या भांडणात त्याचं नाव शेवटी, जमलं तर. कधी १०, कधी मागे १५ नंबर, जिथे भोक पडेल तिथे लावायचा माणूस. जुलै २०२४ मध्ये डर्बनला जगज्जेत्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तो बाकावरून आत आला आणि दोन ड्रॉप गोल मारले. दुसरा अगदी शेवटच्या क्षणी. ड्रॉप गोल म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर सोडायचा आणि टप्पा उठतोय न उठतोय तोच लाथ. आयर्लंड २५, आफ्रिका २४. तो आठवडा आयर्लंड त्याचं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात लोक पुन्हा क्रॉलीबद्दल भांडत होते. भाच्याला म्हटलं, माझा माणूस हा. तो म्हणाला, "मामा, तू नेहमी हरणाराच पकडतोस." अरे, पण तो जिंकवून आला होता.

*

सेक्स्टनची गोष्ट लोक शेवटाकडून सांगतात, म्हणून ती सोपी वाटते. २ मे २००९, डब्लिनचं क्रोक पार्क, ८२,२०८ माणसं, लेन्स्टर विरुद्ध मन्स्टर. मन्स्टरचा १० नंबर रोनन ओ'गारा, तेव्हाचा राजा. लेन्स्टरचा पहिला १० नंबर फेलिपे कॉन्टेपोमी दुखावला आणि तेविशीतला सेक्स्टन, जो तोवर राखीवच होता, आत आला. लेन्स्टरने ट्राय केली, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला, तेव्हा ओ'गारा जमिनीवर पडला होता आणि सेक्स्टन त्याच्या तोंडावर जाऊन ओरडला. त्याचा फोटो आहे. तो फोटो बघून वाटतं, गादी तिथेच बदलली.

बदलली नव्हती. दोन वर्षांनी २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये सेक्स्टनच्या किक चुकत गेल्या आणि वेल्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात १० नंबर पुन्हा ओ'गाराच्या पाठीवर होता. २०१३ मध्ये, म्हणजे ओ'गारा गेल्यानंतर, डब्लिनला न्यूझीलंडविरुद्ध आयर्लंड इतिहासात पहिल्यांदा जिंकायला आलं होतं. सेक्स्टनने शेवटच्या दहा मिनिटांत सोपीशी पेनल्टी चुकवली, आणि शेवटच्या मिनिटाला न्यूझीलंड २४-२२ ने घेऊन गेलं. त्या रात्री पबमध्ये काय बोलले असतील ते मला इथे बसून ऐकू येतं. "ओ'गाराने मारली असती." १०८३ गुणांचा ओ'गारा. त्याच वर्षी त्याचा स्वतःचा शेवट एडिनबरोत एका चुकलेल्या आडव्या किकवर झाला होता, आणि पुढच्या सामन्यात त्याचं संघात नाव नव्हतं, पण ते तोवर सगळे विसरलेले. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये टोंगाविरुद्ध सेक्स्टनने तो १०८३ चा आकडा ओलांडला. बरं, ज्याच्या तोंडावर ओरडला होता तो ओ'गारा आणि सेक्स्टन पुढे पॅरिसच्या एकाच क्लबमध्ये होते, एक खेळाडू, दुसरा किकिंगचा कोच. दोघं शेजारी राहत असतील तर सकाळी एकमेकांना काय म्हणत असतील, ही माझी फार दिवसांची उत्सुकता.

दादाचा पहिला हंगाम मी बाकावरून पूर्ण पाहिला आहे, म्हणून छातीठोक सांगतो, तो वाईट होता. तीन अंतिम सामन्यांत पकडला गेला. मुरुडजवळच्या एका सामन्यात तर कुणी हात लावण्याआधीच लॉबीत, म्हणजे कडेच्या पट्ट्यात, पाय टाकून स्वतःच बाद झाला. ती नाण्याची चाल तेव्हा नव्हती. ती चौथ्या-पाचव्या वर्षी आली, आणि तीही अशी, की पाठीत उसण भरली होती म्हणून त्याला ताठ चालता येत नव्हतं. मी स्वतः त्याच्या कंबरेला लाल तेल चोळलंय. आता आळीतलं पोरगं धडधाकट पाठीने त्या उसणीची नक्कल करतं.

*

सप्टेंबरात, गणपती गेल्यावर, सभामंडपात निवड समिती बसली. सात जण. मी खजिनदार म्हणून त्यात. चहा झाला, बिस्किटांवरून कुणीतरी वर्गणीचा विषय काढला, तो दाबला, आणि मग मूळ मुद्दा. सगळे दादाकडे बघायला लागले. तो म्हणाला, "मला नका विचारू. मला दोघंही पकडता येतात."

हे खरं होतं. पावसाळाभर तो पोरांबरोबर सरावाला येत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा डाव्या कोपऱ्याला उभा राहत होता. चढाईवाल्याला पकडायचं कसं हे चढाईवाल्याला जितकं कळतं तितकं कुणाला नाही. भातं लावून झाली की शाळेमागच्या मैदानात, अर्धं तळं झालेलं, संध्याकाळी साडेपाचला. खाडीवरचा धडक मारून यायचा, दादा नुसता एक पाय मागे घ्यायचा आणि घोटा धरायचा. आळीतला नाणी शोधत यायचा, आणि दादा हसायचा. मी एकदा त्याला विचारलं, का हसतोस. म्हणाला, "कुणीतरी माझाच शर्ट घालून माझ्या घरात चोरी करायला आल्यासारखं वाटतं." सेक्स्टनलाही तिकडच्या मंडळाने २०२४ च्या नोव्हेंबरात पोरांना शिकवायला बोलावलं, हे मी त्याला नंतर सांगितलं. त्याने विचारलं, "पैसे देतात?"

मत द्यायची वेळ आली तेव्हा तीन-तीन झाले होते. उरलो मी. मी आळीतल्याचं नाव घेतलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "साहजिक आहे, आपल्या आळीतला." तसं नव्हतं. आळीचं मी मनात आणलंच नाही, निदान फारसं नाही. आठ वर्षं मी ज्या चालीपुढे हरलो ती चाल बरोबरच असली पाहिजे, नाहीतर मग माझं बाकावर बसणं कशासाठी होतं? एवढा विचार मी तेव्हा केला नव्हता. तो नंतर, पतसंस्थेत मासिक ताळेबंद जुळत नव्हता त्या दुपारी सुचला, आणि मग ताळेबंद अजिबातच जुळला नाही.

खाडीवरचा पोरगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. मला वाटलं भांडायला. त्याने विचारलं, "फक्की कुठंशी ठेवता?"

*

जानेवारीत आमच्या शेजारच्या गावात सामने होते. बांबूला बांधलेले दिवे, खुर्च्या फक्त पाहुण्यांना, बाकी गाव गवंडीकामाच्या फळ्यांवर आणि एकमेकांच्या खांद्यांवर. भज्यांच्या गाडीवरून येणारा धूर दिव्याच्या झोतात निळा दिसतो, ते मला दर वर्षी आवडतं. उपांत्य सामना, आम्ही दोन गुणांनी मागे, चार मिनिटं शिल्लक. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, आणि ही तिसरी आळीतल्याची. आत्तापर्यंत त्या रात्री त्याने दोन गुण आणले होते आणि चार वेळा तो पकडला गेला होता. मागून कुणीतरी ओरडलं, "दादाला बोलवा." दादा खुर्च्यांच्या रांगेत बसला होता. त्याने मान खाली घातली आणि शर्टाची बाही दुमडायला घेतली. दुमडलेलीच होती.

भाच्याने लिमरिकच्या थॉमंड पार्कचा एक व्हिडिओ पाठवला होता. तिथे कुणी किक मारायला उभा राहिला, मग तो परक्या संघाचा का असेना, की सगळं स्टेडियम गप्प होतं. एवढी माणसं, आणि पोराचं रडणं ऐकू येतं. आमच्याकडे तिसऱ्या चढाईला तसंच होतं. शिट्टी थांबते, माईकवरचा सुद्धा थांबतो. पोरगा मध्यरेषेवर वाकला, त्याने मातीला हात लावला.

खाडीवरचा माझ्या शेजारी बाकावर होता. मांडीवर टॉवेल, पायाशी फक्कीची पिशवी, बोटं चुन्याने पांढरी. आळीतला आत गेला. नाणी शोधत नव्हता तो. ताठ होता, जरासा घाबरलेला, डाव्या कोपऱ्याकडे सरकत होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि शेजारून काहीतरी कुजबुज ऐकू आली. मला वाटलं पोरगा देवाचं नाव घेतोय. मान वळवली तर त्याचे डोळे समोर आणि ओठ हलत होते. कबड्डी-कबड्डी-कबड्डी, इतकं हळू की टॉवेलवर पडलं असतं तरी कळलं नसतं. विसाव्या सेकंदाला त्याचा दम तुटला. त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं.

मी समोर बघत राहिलो. आळीतला अजून आतच होता.